आधी अभ्यास, मग प्रवेश: ‘परफॉर्मन्स-बेस्ड ॲडमिशन’ नेमकं चालतं कसं

मद्रास आयआयटीच्या बी.टेक.ला जायचं तर आधी जेईई मेन, मग ॲडव्हान्स्ड, मग रँक आणि शेवटी समुपदेशनाच्या फेऱ्या. त्याच संस्थेच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन बीएस पदवीला जेईईची रँक लागत नाही. चार आठवडे त्यांनीच दिलेला अभ्यासक्रम शिकायचा, त्यावर परीक्षा द्यायची आणि ठरलेले गुण पडले की प्रवेश. जागा भरल्या म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत. हीच ‘परफॉर्मन्स-बेस्ड ॲडमिशन’, म्हणजे कामगिरीवर मिळणारा प्रवेश. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, यात काहीतरी गोम असणार. गोम आहेच, पण लोक शोधतात तिथे नाही.

नेहमीच्या प्रवेशप्रक्रियेत तुमची तुलना दुसऱ्या उमेदवारांशी होते, कारण जागा मोजक्या असतात. वसतिगृहातल्या खोल्या ठरलेल्या, प्रयोगशाळेतली टेबलं ठरलेली. तुम्हाला चांगले गुण असले तरी शेजारच्याला अर्धा टक्का जास्त पडला की तुम्ही यादीबाहेर. व्याख्यानं एकदा रेकॉर्ड झाली आणि असाइनमेंट बऱ्याच अंशी संगणकच तपासू लागला की हे गणित बदलतं. आणखी हजार विद्यार्थी घ्यायला आणखी हजार बाकं लागत नाहीत. मग रँक लावायची गरज राहत नाही. एक रेघ आखली की पुरे. रेघेच्या वर असतील ते सगळे आत.

चाळणी मात्र गेलेली नसते, ती दारातून उचलून आत ठेवलेली असते. पहिले तीन-चार विषय हीच प्रवेश परीक्षा, आणि फी भरून झाल्यावर ती द्यायची असते. जेईईत मागे पडलेल्याची मार्कशीट कोरी राहते. इथे क्रेडिटसाठी, म्हणजे पदवीत मोजल्या जाणाऱ्या गुणभारासाठी, नाव घालून नापास झालात तर ती श्रेणी विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणनोंदीवर, कायमची बसू शकते. गोम ती हीच. पैसे भरण्याआधी त्या आतल्या चाळणीची भोकं केवढी आहेत ते बघायचं, आणि हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

कल्पना नवी नाही. लंडन विद्यापीठाने 1858 मध्येच बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसू द्यायला सुरुवात केली. हार्वर्डचा एक्स्टेन्शन विभाग 1910 चा. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला 1969 मध्ये सनद मिळाली आणि 1971 पासून तिने पूर्वीचे गुण न विचारता विद्यार्थी घेतले. गेल्या दहा वर्षांत भर पडली ती एवढीच, की जिथे प्रवेश मिळणं मुश्कील अशा काही संस्थांनी ऑनलाइन कोर्समधले गुण थेट प्रवेशाला जोडले.

‘प्रवेश पक्का’ आणि ‘अर्ज करायला पात्र’

सगळ्यात जास्त फसगत या दोन शब्दप्रयोगांत होते. जाहिरातीत दोन्ही सारखेच दिसतात.

पहिल्या प्रकारात नियम लिहिलेला असतो: अमुक विषय, अमुक श्रेणी, की प्रवेश. समिती बसत नाही, शिफारसपत्र लागत नाही. मद्रास आयआयटीची बीएस आणि कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर कॅम्पसच्या, कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या प्लॅटफॉर्मवरच्या एमएस पदव्या या गटातल्या.

दुसऱ्या प्रकारात कोर्स पूर्ण केल्यावर फक्त अर्ज करायची मुभा मिळते. निवड पुढे होते आणि ती स्पर्धेचीच असते. एमआयटीचं मायक्रोमास्टर्स, म्हणजे मास्टर्सच्या काही विषयांचा ऑनलाइन प्रमाणपत्र कार्यक्रम, असं आहे. 2016 मध्ये सुरू झालेल्या सप्लाय चेन मॅनेजमेंटच्या मायक्रोमास्टर्समध्ये पाच कोर्स आणि शेवटी एक सर्वंकष परीक्षा असते. ते प्रमाणपत्र घेऊन एमआयटीच्या ‘ब्लेंडेड’ मास्टर्सला अर्ज करता येतो. निवड झाली तर प्रत्यक्ष कॅम्पसवर एकच सत्र काढावं लागतं, कारण बाकीचं ऑनलाइन झालेलं असतं. निवड न झालेल्यांच्या हाती प्रमाणपत्र राहतं. ते निरुपयोगी नाही, इतर काही विद्यापीठं त्याचे क्रेडिट धरतात. पण ती एमआयटीची पदवी नव्हे. याच संस्थेच्या विकासाचं अर्थशास्त्र आणि धोरण या विषयाच्या मायक्रोमास्टर्समागे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे 2019 चे नोबेल विजेते आहेत. त्याची फी उत्पन्नानुसार कमी-जास्त होते, आणि त्या वाटेने बॅचलर पदवी नसलेल्यांनाही मास्टर्सला घेतलं गेलं आहे. निवड मात्र तिथेही होतेच.

तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या ऑनलाइन एमएस कॉम्प्युटर सायन्सला, म्हणजे ओएमएससीएसला, रीतसर अर्ज करावा लागतो आणि बॅचलर पदवी मागतात. पण कॅम्पसवरच्या त्याच पदवीच्या मानाने हे दार खूप रुंद आहे. जानेवारी 2014 मध्ये सुरू झालेल्या या पदवीचा एकूण खर्च साधारण 7,000 डॉलरच्या आसपास ठेवला गेला, आणि पदवीपत्रावर ‘ऑनलाइन’ हा शब्द नसतो. चाळणी कुठे? पहिल्या बारा महिन्यांत दोन पायाभूत विषय किमान ‘बी’ श्रेणीने उत्तीर्ण व्हायचे, ही अट आहे. ती पाळली नाही तर पुढची वाट अडते. नोकरी सांभाळून पहिल्याच सत्रात सगळ्यात अवघड विषय निवडणारे इथे हमखास अडकतात.

तेव्हा कोणत्याही कार्यक्रमाच्या पानावर आधी हे शोधा: अट पूर्ण झाल्यावर प्रवेश ‘मिळेल’ म्हटलंय, की अर्जाचा ‘विचार केला जाईल’? दुसरं असेल तर त्या कोर्सची किंमत त्या कोर्सपुरतीच धरा.

मद्रास आयआयटीचा क्वालिफायर जवळून

हा कार्यक्रम 2020 मध्ये सुरू झाला. बारावी कोणत्याही शाखेतून चालते. दहावीला गणित आणि इंग्रजी असलं पाहिजे. वयाची अट नाही. अर्ज आणि फी भरली की चार विषयांचे चार आठवड्यांचे धडे उघडतात: गणित, संख्याशास्त्र, इंग्रजी आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंग. दर आठवड्याला व्हिडिओ आणि असाइनमेंट. हे धडे आणि त्यावरची परीक्षा मिळून क्वालिफायर.

पहिली रेघ असाइनमेंटची. प्रत्येक विषयात ठरलेली सरासरी नसेल तर परीक्षेचं हॉल तिकीटच येत नाही. सर्वसाधारण गटासाठी ती 40 टक्के आहे. असाइनमेंट घरी बसून करायच्या असल्याने इथे थांबणारे बहुधा उत्तरं न आल्यामुळे थांबत नाहीत, तारीख चुकल्यामुळे थांबतात.

दुसरी रेघ परीक्षेची. चार तासांचा पेपर, तोही केंद्रावर जाऊन, चारही विषय एकाच बैठकीत. सर्वसाधारण गटाला प्रत्येक विषयात किमान 40 टक्के आणि चारही मिळून सरासरी 50 टक्के लागतात. ओबीसी आणि ईडब्ल्यूएससाठी हे आकडे 35 आणि 45, तर अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांसाठी 30 आणि 40.

दोन अटी एकत्र असल्या की काय होतं ते आकड्यांत पाहा. एकाला मिळाले 72, 55, 41 आणि 38. सरासरी 51.5, म्हणजे पन्नासच्या वर. तरी नापास, कारण एका विषयात 38 आहेत. दुसऱ्याला 42, 44, 46 आणि 60. एकही विषय चाळीसच्या खाली नाही, पण सरासरी 48. तोही नापास. पहिल्याने गणितावर भर देऊन इंग्रजी ‘येतंच की’ म्हणून सोडलेलं असतं; दुसऱ्याने सगळंच काठावर ठेवलेलं असतं. म्हणून तयारी करताना सगळ्यात कच्च्या विषयाला 50 पर्यंत आणायचं आणि सगळ्यात पक्क्या विषयाला 70 च्या पुढे न्यायचं. फक्त एका विषयाच्या जिवावर हा क्वालिफायर निघत नाही.

क्वालिफायरच्या गुणांचा आणखी एक उपयोग असतो. पहिल्या सत्रात एकदम किती विषय घेता येतील हे त्यावर ठरतं. त्यामुळे ‘पास झालो ना’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्याचा वेग पहिल्याच सत्रात कमी होतो. शिवाय हे गुण कायम टिकत नाहीत. ठरलेल्या मुदतीत नाव नोंदवलं नाही तर पुन्हा परीक्षा. ज्यांनी जेईई ॲडव्हान्स्डला बसण्याची पात्रता मिळवली आहे त्यांना क्वालिफायर न देता थेट येता येतं, हे अनेक जेईईवाल्यांना माहीत नसतं.

आत गेल्यावर पदवी पायऱ्यांची आहे. फाउंडेशनचे 8 विषय, 32 क्रेडिट. मग डिप्लोमाची पायरी 54 क्रेडिटची. एकूण 114 क्रेडिट झाले की बीएस्सी, 142 झाले की बीएस. कुठल्याही पायरीवर त्या-त्या पायरीचं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. ही सोय वाटते त्यापेक्षा मोलाची आहे, कारण तिसऱ्या वर्षी सोडणाऱ्याच्या हातीसुद्धा काहीतरी राहतं.

वर्षाला तीन सत्रं: जानेवारी, मे आणि सप्टेंबर. प्रत्येक सत्रात दोन क्विझ आणि एक अंतिम परीक्षा, तिन्ही केंद्रावर जाऊन, सहसा रविवारी. म्हणजे वर्षात नऊ वेळा परीक्षा केंद्र गाठायचं. ‘ऑनलाइन आहे, कुठूनही होईल’ असं समजून फिरतीची नोकरी सांभाळणारे इथे कोलमडतात. नाव घालण्याआधी जवळचं केंद्र कुठे आहे, तिथवर जायला किती वेळ लागतो हे बघून ठेवा. प्रोग्रॅमिंगच्या विषयांना याखेरीज ओपीपीई असते, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बसून वेळेत प्रत्यक्ष कोड लिहायचा. व्हिडिओ बघून समजलेलं आणि हाताने लिहिता येणारं यातलं अंतर तिथे उघडं पडतं. विषयांचा क्रमही मनाला येईल तसा लावता येत नाही. कॉम्प्युटेशनल थिंकिंग झाल्याशिवाय पायथॉन मिळत नाही.

एका विषयाला आठवड्याचे साधारण दहा तास धरायचे. चार विषय म्हणजे चाळीस तास, म्हणजे दुसरी पूर्णवेळ नोकरीच. कॉलेज किंवा नोकरी सांभाळून दोन विषय हा शहाणपणाचा आकडा आहे, आणि तीन हा हट्टाचा.

आणि हेही स्पष्ट असू द्या: ही बीएस आहे, बी.टेक. नाही. इथून बी.टेक.मध्ये बदली होत नाही, वसतिगृह मिळत नाही, प्लेसमेंटची व्यवस्थाही वेगळी आहे. पदवी मात्र आयआयटीचीच, आणि बीएस पूर्ण करणारा गेट या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेला बसू शकतो.

‘बी’ म्हणजे किती? बोल्डरचं गणित

बोल्डरच्या एमएस कॉम्प्युटर सायन्स आणि डेटा सायन्स या पदव्यांना पूर्वीची पदवी, ट्रान्सक्रिप्ट, जीआरई ही प्रवेश परीक्षा यातलं काही मागत नाहीत. एक ‘पाथवे’, म्हणजे प्रवेशासाठी ठरवून दिलेला कोर्सचा संच, निवडायचा, त्यातले एक-एक क्रेडिटचे तीन कोर्स क्रेडिटसाठी करायचे आणि जीपीए, म्हणजे श्रेणींच्या गुणांची सरासरी, 3.0 ठेवायचा. झाला प्रवेश. कॉम्प्युटर सायन्सचा एक पाथवे अल्गोरिदमचा आहे: शोध आणि क्रमवारी, मग ट्री आणि ग्राफ, मग डायनॅमिक प्रोग्रॅमिंग आणि ग्रीडी पद्धती. हे तीन क्रेडिट वाया जात नाहीत. पदवीच्या 30 क्रेडिटमध्येच धरले जातात. क्रेडिटला 525 डॉलर या दराने पाथवेचे 1,575 डॉलर, आणि पूर्ण पदवीचे 15,750.

3.0 म्हणजे ‘बी’ हे सगळे वाचतात आणि पुढे जातात. अमेरिकी पद्धतीत ‘ए’ चे 4.0, ‘बी’ चे 3.0, ‘बी उणे’ चे 2.7 आणि ‘सी’ चे 2.0. आता तीन कोर्समध्ये बी, बी आणि बी उणे मिळाले समजा. बेरीज 8.7, भागिले तीन, 2.9. रेघेच्या खाली. मार्कशीट बघून घरच्यांना ‘सगळीकडे बी आहे’ असं सांगता येईल, प्रवेश मात्र नाही. म्हणजे लक्ष्य ‘बी’ ठेवलं की एखादा उणे तुम्हाला बुडवू शकतो. निदान एका कोर्समध्ये ‘ए’ मिळेल अशी आखणी करा, आणि ज्यात तो मिळण्याची खात्री आहे तो कोर्स आधी घ्या.

इथे सुरक्षेची एक चांगली सोय आहे. हेच कोर्स आधी क्रेडिटशिवाय, कोर्सेराच्या मासिक वर्गणीत करता येतात. धडे तेच, असाइनमेंट बऱ्याचशा त्याच. क्रेडिटसाठीच्या आवृत्तीत वरून अंतिम परीक्षा किंवा प्रकल्प असतो. म्हणून शहाणा विद्यार्थी आधी वर्गणीवर सगळा कोर्स संपवतो, आपल्याला कितपत जमतंय ते बघतो आणि मगच 525 डॉलर भरून क्रेडिटची परीक्षा देतो. घाई करणारा आधी पैसे भरतो.

ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने हाच विचार आणखी पुढे नेला आहे. त्यांच्या युनिव्हर्सल लर्नर कोर्समध्ये 25 डॉलर देऊन बसायचं, शेवटी श्रेणी बघायची आणि पटली तरच 400 डॉलर भरून ती ट्रान्सक्रिप्टवर चढवायची. नाही पटली तर नोंदच होत नाही. ते विद्यापीठ प्रवेश अवघड असण्यासाठी प्रसिद्ध नाही, पण विद्यार्थ्याचा धोका कमी करण्याच्या बाबतीत याहून प्रामाणिक रचना क्वचितच दिसते.

हार्वर्ड एक्स्टेन्शनमध्ये याच्या उलट स्थिती. तिथे अर्ज न करता कोणीही कोर्सला नाव घालू शकतो. पदवीसाठी ठरावीक दोन-तीन विषय किमान ‘बी’ श्रेणीने करायचे आणि मग प्रवेशाचा अर्ज द्यायचा. पण कोणतेही विषय चालत नाहीत. त्या-त्या पदवीच्या पानावर दिलेलेच, आणि अनेकदा त्यात लेखन किंवा संशोधनाचा एक सक्तीचा विषय असतो. आवडले म्हणून भलतेच विषय घेऊन बसलेल्याला श्रेणी चांगल्या असूनही पुन्हा सुरुवात करावी लागते.

लंडन विद्यापीठाच्या 2019 मध्ये कोर्सेरावर आलेल्या बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला दोन्ही दारं आहेत: शालेय गुण पुरेसे असतील तर थेट, नसतील तर आधी नेमून दिलेले विषय उत्तीर्ण होऊन. थेट दाराची पात्रता असताना दुसरं दार धरण्यात काही फायदा नाही.

फुकट, प्रमाणपत्र आणि क्रेडिट

एकाच कोर्सची तीन रूपं असू शकतात, आणि तिन्ही एकाच वेबसाइटवर शेजारी-शेजारी दिसतात. फुकट बघायचं, त्याला ‘ऑडिट’ म्हणतात. पैसे भरून प्लॅटफॉर्मचं प्रमाणपत्र. आणि जास्त पैसे भरून विद्यापीठाचं क्रेडिट. प्रवेशासाठी मोजलं जातं ते फक्त तिसरं, किंवा मायक्रोमास्टर्ससारख्या ठिकाणी ओळख तपासून परीक्षा घेतलेलं दुसरं. वर्षभर खपून गोळा केलेली वीस प्रमाणपत्रं क्रेडिटच्या एका ओळीची जागा घेत नाहीत.

ओळखायचं कसं? क्रेडिटच्या नोंदणीत तुम्हाला विद्यापीठाचा विद्यार्थी क्रमांक मिळतो, नोंदणीला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, आणि शेवटी ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाच्या निबंधकाच्या कार्यालयातून निघते. यातलं काहीच नसेल तर ते प्रमाणपत्र आहे.

क्रेडिट घेतल्यावर विषय सोडायच्या दोन तारखा असतात. पहिल्या तारखेपर्यंत सोडला तर सगळे किंवा बरेच पैसे परत आणि नोंद नाही. दुसऱ्या तारखेपर्यंत सोडला तर पैसे गेले, ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’, म्हणजे विषय सोडल्याची खूण, आला, पण जीपीए वाचला. त्यानंतर सोडणं म्हणजे नापास. पहिल्या दिवशीच या दोन तारखा कॅलेंडरवर टाका. मधल्या परीक्षेचा निकाल दुसऱ्या तारखेच्या आधी येतो की नंतर, हेही बघा. नंतर येत असेल तर निर्णय अंधारात घ्यावा लागणार.

वेळेचा हिशोबही क्रेडिटवरूनच निघतो. अमेरिकी सत्रात एका क्रेडिटला आठवड्याला सुमारे तीन तास, पंधरा आठवडे, म्हणजे 45 तास मेहनत धरतात. तीन क्रेडिटच्या पाथवेला 135 तास. आठवड्याला आठ तास काढणाऱ्याला सतरा आठवडे लागतील. विषय नवा असेल तर आणखी. ‘दोन महिन्यांत प्रवेश’ असं जो म्हणतो तो आठवड्याला सोळा तास गृहीत धरून बोलत असतो, फक्त ते सांगत नाही.

परीक्षेच्या दिवशी नक्की काय बिघडतं

सगळ्यात आधी घड्याळ. डेडलाइन रात्री 11:59 ची असली तरी कुठली रात्र? यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असेल तर भारतात दुसऱ्या दिवशीचे पहाटे 5:29. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ असेल तर उन्हाळ्यात सकाळी 9:29 आणि हिवाळ्यात 10:29, कारण तिथे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं सरकतात. नोव्हेंबरातली प्रॉक्टर्ड, म्हणजे कॅमेऱ्यावरून देखरेखीखाली होणारी, परीक्षा ऑक्टोबरात बुक करून तासभर आधी येऊन बसणाऱ्याचं नुकसान होत नाही. मार्चमध्ये मात्र तोच घोळ तासभर उशीर घडवतो.

मग नाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आधारवर तिसरंच काहीतरी. प्रॉक्टर ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायला सांगतो आणि नोंदणीतल्या नावाशी ताडून बघतो. जुळलं नाही तर परीक्षा सुरूच होत नाही. खातं उघडताना जे ओळखपत्र परीक्षेला दाखवणार त्याचंच स्पेलिंग घाला. नंतर बदलायला कागदपत्रं आणि काही दिवस लागतात.

लॅपटॉप ऑफिसचा असेल तर तो वापरू नका. प्रॉक्टरिंगच्या सॉफ्टवेअरला स्क्रीन आणि कॅमेऱ्याचा पूर्ण ताबा लागतो आणि कंपनीची सुरक्षा तो देत नाही. हे परीक्षेच्या दहा मिनिटं आधी कळतं. दुसरा मॉनिटर नुसता बंद करून भागत नाही, वायर काढा. खोली कॅमेऱ्याने फिरवून दाखवावी लागते. टेबलावर फोन, कागद, घड्याळ काही नको, जिथे कच्चा कागद चालतो तिथेही तो दोन्ही बाजूंनी कोरा दाखवावा लागतो. प्रश्न ओठ हलवत वाचायची सवय असेल तर ती आधी मोडा, कारण तेवढ्यावरूनही संशयाची नोंद होते. नेट गेलं तर बहुतेक ठिकाणी पुन्हा जोडता येतं, पण घड्याळ थांबत नाही. मोबाइलचं हॉटस्पॉट आधी एकदा जोडून बघितलेलं असावं. त्या क्षणी पासवर्ड शोधत बसायला वेळ नसतो.

कॉपीबद्दल एकच सांगायचं. प्रोग्रॅमिंगच्या असाइनमेंट एकमेकांशी ताडून बघणारी सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं वापरात आहेत, आणि व्हेरिएबलची नावं बदलल्याने ती फसत नाहीत. टेलिग्राम ग्रुपवरून उचललेलं उत्तर पन्नास जणांनी दिलेलं असतं. पन्नासही जण सापडतात. या वाटेवर पहिले तीन विषय हाच प्रवेश असल्याने एका विषयातली कारवाई म्हणजे दार कायमचं बंद होऊ शकतं.

पदवीवर काय छापलेलं असेल आणि ती कुठे चालेल

पैसे भरायच्या आधी पदवीपत्राचा नमुना मागा. जॉर्जिया टेक आणि बोल्डरचं पदवीपत्र कॅम्पसवरच्या पदवीसारखंच असतं. हार्वर्ड एक्स्टेन्शनच्या पदवीच्या नावात ‘एक्स्टेन्शन स्टडीज’ हे शब्द येतात, आणि बायोडेटात ते कसं लिहायचं याचे नियमही विद्यापीठाने घातलेले आहेत. ते शब्द गाळणाऱ्याची नोकरीच्या मुलाखतीत नाहक शोभा होते. पदवी चांगली आहे. जशी आहे तशी लिहावी.

व्हिसाचा गैरसमज अजून मोठा. ऑनलाइन पदवीवर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, आणि ऑनलाइनला प्रवेश मिळाला म्हणून कॅम्पसवर बदलीही मिळत नाही. परदेशात जाऊन राहणं, शिकल्यावर तिथे काम करणं हे उद्दिष्ट असेल तर ही वाट त्या गावाला जात नाही. तिथे नव्याने अर्ज करावाच लागेल. चांगल्या श्रेणीचं ट्रान्सक्रिप्ट त्या अर्जाला बळ देईल एवढंच.

भारतात सरकारी नोकरी, प्राध्यापकी किंवा पीएचडीसाठी परदेशी पदवीला समकक्षता, म्हणजे ती भारतीय पदवीच्या तोडीची असल्याची मान्यता, लागते. ऑनलाइन मिळवलेल्या परदेशी पदवीला ती मिळेलच असं गृहीत धरू नका. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, 2025 ची नियमावली वाचूनच निर्णय घ्या. खासगी कंपन्यांना याचं सहसा काही पडलेलं नसतं. आयआयटीचा प्रश्न वेगळा आहे: त्या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था आहेत आणि पदवी स्वतःच्या अधिकारात देतात. भारतातल्या बाकी विद्यापीठांच्या ऑनलाइन पदव्यांसाठी मात्र यूजीसीच्या परवानगीची यादी बघावी लागते, आणि ती विद्यापीठाच्या नावाने नाही तर त्या विशिष्ट अभ्यासक्रमाच्या आणि त्या विशिष्ट सत्राच्या नावाने बघायची. आधीच कॉलेजात असाल तर 2022 पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्यांना वाट करून दिली आहे, एक प्रत्यक्ष आणि एक ऑनलाइन अशीही. तुमच्या कॉलेजने काही अट घातली आहे का, ते प्राचार्यांच्या कार्यालयात विचारून घ्या.

शेवटी एक ई-मेल लिहायचा, पैसे भरण्याआधी, कार्यक्रमाच्या कार्यालयाला. अट पूर्ण झाल्यावर प्रवेश आपोआप की निवडीने, नापास झालेला विषय पुन्हा किती वेळा देता येतो, पुन्हा दिल्यावर जुनी श्रेणी सरासरीतून जाते की राहते, आणि मध्येच नियम बदलले तर मला जुने लागू की नवे. वेबसाइटवर ही उत्तरं चार वेगवेगळ्या पानांवर विखुरलेली असतात आणि ती पानं बदलत राहतात. फोनवर विचारलं तर तोंडी आश्वासन मिळतं, आणि ते वर्षभराने कुणाला आठवत नाही. ई-मेलचं उत्तर तारखेसकट राहतं. त्याची पीडीएफ करून अर्जाच्या पावतीशेजारी ठेवा.